दुसऱ्या शपथेआधी

न्यू जर्सीतल्या एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगा १८ वर्षांचा, हायस्कूल नुकतंच संपलेलं. शाळेत आलेल्या रिक्रूटरशी, म्हणजे सैन्यात भरती करणाऱ्या माणसाशी, बोलून जानेवारीत त्याने अमेरिकन आर्मीत नाव घातलं. मेडिकल झालं, शपथ झाली, कागदांवर सह्या झाल्या. बेसिक ट्रेनिंगला निघायची तारीख ऑगस्टमधली. मध्यंतरी त्याला इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला आणि त्याचं मन फिरलं. रिक्रूटर म्हणतो, आता माघार घेतलीस तर वॉरंट निघेल, जन्मभर सरकारी नोकरी मिळणार नाही, ग्रीन कार्डही जाईल. वडील म्हणतात, सही केली म्हणजे शब्द दिला. मुलगा धड जेवत नाही, फोन वाजला की खोलीत जाऊन दार लावून घेतो. आता काय करायचं?

ताई, जे सगळ्यात आधी कळायला हवं ते आधी सांगतो. तुमचा मुलगा अजून सैनिक झालेला नाही आणि त्याला माघार घेता येते. वॉरंट निघत नाही. दारात पोलीस येत नाहीत. ग्रीन कार्ड जात नाही. आज रात्री त्याला एवढंच सांगा आणि पानावर बसवा. बाकीचं उद्या सकाळी वाचलंत तरी चालेल.

मी आर्मीत १२ वर्षं काढली. त्यातली ३ वर्षं रिक्रूटर म्हणून टेबलाच्या त्या बाजूला बसलो. बाहेर पडल्यापासून अशाच मुलांशी आणि त्यांच्या आईवडिलांशी बोलत आलो आहे. त्यामुळे तुमच्या मुलाला जे सांगितलं जातंय ते कुठून येतं, हे मला आतून माहीत आहे.

त्याने नेमकी कशावर सही केली ते बघू. त्याला म्हणतात डिलेड एंट्री प्रोग्राम, बोलताना सगळे ‘डेप’ म्हणतात. आर्मीवाले अशा मुलांना ‘फ्यूचर सोल्जर’ म्हणतात, मरीनमध्ये त्यांना ‘पूली’ म्हणतात. अमेरिकन कायद्याच्या टायटल १० मधलं कलम ५१३ हा त्याचा आधार. त्यानुसार मुलाचं नाव राखीव दलात नोंदवलं जातं. पगार नाही, गणवेश नाही, रोजची ड्यूटी नाही. ३६५ दिवसांच्या आत त्याने प्रत्यक्ष सेवेत दाखल व्हायचं, आणि ही मुदत आणखी ३६५ दिवसांपर्यंत वाढवता येते. खरी भरती होते ती निघायच्या दिवशी. त्या दिवशी राखीव दलातली नोंद संपते, नव्याने सह्या होतात आणि दुसऱ्यांदा शपथ घेतली जाते.

ही दुसरी शपथ बहुतेक घरांत कुणाला माहीतच नसते. पहिली शपथ इतक्या थाटात होते की मुलाला आणि आईवडिलांना वाटतं, झालं, आता सुटका नाही. भरतीच्या केंद्राला ‘मेप्स’ म्हणतात. तिथे दिवसभर मेडिकल, बोटांचे ठसे, नोकरीची निवड असं सगळं उरकल्यावर मुलांना एका खोलीत नेतात. भिंतीवर लाकडी पॅनेल, समोर ओळीने झेंडे, खाली गालिचा. हात कुठे, टाचा कशा, अंगठा कुठे टेकवायचा हे एक सार्जंट शिकवतो. मग अधिकारी येतो, मुलं उजवा हात वर करतात, मागे आईवडील फोन धरून उभे असतात. मी त्या दाराशी कितीतरी वेळा उभा राहिलोय. त्या क्षणी मुलाच्या गळ्यात आवंढा येतो तो खरा असतो. पण कायद्याच्या दृष्टीने तो त्या दिवशी संध्याकाळी घरी येतो तो सिव्हिलियन म्हणूनच. लष्करी कायदा त्याला लागू होतो तो दुसऱ्या शपथेनंतर. म्हणून ठरलेल्या दिवशी तो गेलाच नाही, तरी त्याला पळून गेलेला सैनिक म्हणून कुणी धरत नाही.

आता एक गोष्ट लपवून ठेवत नाही, कारण रिक्रूटर तीच पुढे करेल. ‘डीडी फॉर्म ४’ नावाच्या करारात एक वाक्य आहे. ठरलेल्या दिवशी हजर झाला नाहीस तर राखीव सैनिक म्हणून तुला सक्रिय सेवेवर बोलावलं जाईल, अशा अर्थाचं. वाक्य खरं आहे, छापलेलं आहे, त्याखाली तुमच्या मुलाची सही आहे. मात्र १९७३ पासून अमेरिकेचं सैन्य पूर्णपणे स्वेच्छेचं आहे आणि ज्याला यायचंच नाही त्याला ओढून ट्रेनिंगला न्यायचं नाही, ही संरक्षण खात्याची आणि सगळ्या दलांची आजवरची रीत आहे. तसा मुलगा ट्रेनिंगमध्ये कुणाच्याच कामाचा नसतो, हे ट्रेनिंग देणाऱ्या ड्रिल सार्जंटइतकं कुणाला कळत नाही. ज्याला नको आहे त्याला डेपमधून मोकळं करायची पद्धत नियमांतच दिलेली आहे. आर्मीच्या भरती विभागाचे स्वतःचे नियम सांगतात की मोकळं व्हायचं म्हणणाऱ्याला धमकवायचं नाही, घाबरवायचं नाही आणि त्याच्या अर्जात अडथळा आणायचा नाही.

मग रिक्रूटर असं का बोलतो? तो वाईट माणूस असतोच असं नाही. दर महिन्याला त्याच्या डोक्यावर ‘मिशन’ असतं, अमुक इतकी मुलं आणायचीच. डेपमधला मुलगा गळाला की ती वजाबाकी त्याच्या नावावर पडते आणि वरचा सार्जंट जाब विचारतो. २०२२ च्या आर्थिक वर्षात आर्मीला ६०,००० जणांच्या उद्दिष्टात सुमारे १५,००० कमी पडले होते. असा आकडा वर चुकला की त्याचं ओझं थेट खाली मॉलमधल्या छोट्या ऑफिसात बसलेल्या माणसावर येतं. मी तिथे बसलो आहे. रात्री नऊला गाडीत बसून मुलांना फोन लावले आहेत. वॉरंटची धमकी मी कधी दिली नाही, पण ‘तू स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतोयस’ हे मात्र नको तितक्या वेळा बोललो. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

धमक्यांची गोष्ट नवी नाही. २००५ साली ह्यूस्टनमध्ये एका रिक्रूटरने एका तरुणाच्या फोनवर निरोप ठेवला की आला नाहीस तर तुझ्या नावाने वॉरंट निघेल. तो आवाज टीव्हीवर ऐकवला गेला. अशा तक्रारी वाढल्यावर आर्मीने २० मे २००५ रोजी देशभरची भरती एक दिवस बंद ठेवली आणि सगळ्या रिक्रूटरना नियम पुन्हा समजावून दिले. म्हणजे हे बोलणं चुकीचं आहे हे आर्मीला स्वतःला पटलेलं आहे. तुमच्या मुलाच्या फोनवर असे मेसेज असतील तर पुसू नका. स्क्रीनशॉट काढून तारखेसकट वेगळे ठेवा.

आता प्रत्यक्ष काय करायचं. एक पत्र लिहायचं, एवढंच. वकील लागत नाही, फी लागत नाही, ठराविक फॉर्मही लागत नाही. पत्र रिक्रूटरला लिहायचं नाही. ते त्याच्या वरच्या कमांडरला जातं. आर्मीत तो रिक्रूटिंग बटालियनचा कमांडर, मरीनमध्ये रिक्रूटिंग स्टेशनचा कमांडिंग ऑफिसर, एअर फोर्समध्ये रिक्रूटिंग स्क्वाड्रनचा कमांडर. पत्ता त्या त्या दलाच्या अधिकृत साइटवर सापडतो. पत्र इंग्रजीत, एका पानाचं, मुलाच्या नावाने आणि मुलाच्या सहीने. तो १८ चा आहे, त्यामुळे तुमची सही चालणार नाही. मजकूर साधारण असा असू द्या: ‘मी अमुक तारखेला डिलेड एंट्री प्रोग्राममध्ये दाखल झालो. माझी निघायची तारीख अमुक आहे. मी कॉलेजात इंजिनियरिंगला प्रवेश घेतला असून मला आता सैन्यात जायचं नाही. मला या प्रोग्राममधून मोकळं करावं आणि तसं लेखी कळवावं. माझा निर्णय पक्का आहे.’ प्रवेशाच्या पत्राची प्रत सोबत जोडा.

पुढचं शिक्षण हे कारण नेहमीच्या, सर्वमान्य कारणांपैकी आहे. घरच्या अडचणी, आजारपण, लग्न, धर्माची किंवा सदसद्विवेकाची हरकत, दुसरी नोकरी, अशीही कारणं लोक देतात. पण कारण खरं हवं, आणि इथे मी हात जोडून सांगतो. लवकर सुटका व्हावी म्हणून काही मुलं नसलेली पापं कबूल करतात. मी ड्रग्ज घेतो, मेडिकलमध्ये दम्याची गोष्ट लपवली, पूर्वी पोलिसांनी पकडलं होतं. हा मार्ग त्यांना मित्रांनी सुचवलेला असतो. असं लिहिलेलं कागदावर राहतं. उद्या त्याला सरकारी कंपनीत सिक्युरिटी क्लिअरन्स (गोपनीय कामासाठीची परवानगी) लागला, किंवा पाच वर्षांनी पुन्हा सैन्यात जावंसं वाटलं, तर ते एक वाक्य त्याच्या आडवं येतं. खोट्याची इथे गरजच नाही. ‘मला जायचं नाही’ हे खरं वाक्य पुरेसं आहे.

तुमचा मुलगा ग्रीन कार्डवर आहे, म्हणून आणखी एक पथ्य. ‘मी अमेरिकन नागरिक नाही, परदेशी आहे, म्हणून मला सोडा’ असं चुकूनसुद्धा लिहू देऊ नका. इमिग्रेशन कायद्यात कलम ३१५ आहे. परदेशी असल्याच्या कारणावरून लष्करी सेवेतून सूट मागितली आणि ती मिळाली, तर नागरिकत्वाची वाट कायमची बंद होऊ शकते. त्या कलमाचा मुख्य रोख सक्तीच्या भरतीवर आहे, पण तुमच्या मुलाकडे शिक्षणाचं खरं कारण असताना त्या निखाऱ्यावर पाय कशाला द्यायचा? बाकी डेपमधून बाहेर पडल्याने ग्रीन कार्डाला धक्का लागत नाही. फक्त सैन्यातल्या सेवेमुळे लवकर मिळणारं नागरिकत्व त्याला मिळणार नाही, इतरांसारखी नेहमीची वर्षं थांबावं लागेल. आणि सिलेक्टिव्ह सर्व्हिसची, म्हणजे कधी सक्तीची भरती करावी लागली तर वापरायच्या सरकारी यादीतली, नोंदणी ही यापेक्षा पूर्ण वेगळी गोष्ट आहे. १८ ते २५ वयाच्या मुलांना ती ग्रीन कार्डवरही लागू असते, ती झाली नसेल तर करून घ्या.

पत्र पोस्टाने पाठवा, सर्टिफाइड मेलने, पोच मागवून. पोस्टात त्यासाठी एक छोटं हिरवं कार्ड मिळतं, पाकिटाच्या मागे चिकटवायचं. पत्र घेणाऱ्याची त्यावर सही होते आणि ते कार्ड तुमच्या घरी परत येतं. त्या कार्डाची किंमत अनेकांना कळत नाही. ‘तुझं पत्र आम्हाला मिळालंच नाही’ हे वाक्य मी बऱ्याच घरांत ऐकलंय, आणि प्रत्येक वेळी हिरवं कार्ड दाखवल्यावर ते वाक्य तिथेच थांबलं. पत्र रिक्रूटरच्या हातात देऊन ‘तूच वर पाठव’ म्हणणाऱ्यांची पत्रं मात्र ड्रॉवरमध्ये पडून राहिलेली मी स्वतः पाहिली आहेत. निघायच्या तारखेआधी निदान तीन-चार आठवडे हातात ठेवून पाठवलं तर बरं. उशीर झाला असेल तरी पाठवाच.

पत्र गेल्यावर फोन वाढतील, हे गृहीत धरा. ऑफिसात ये, पाच मिनिटं बोलू, एक फॉर्म भरायचा राहिलाय. कधी वरचा सार्जंट घरी येईल. मुलाला ऑफिसात जायचं बंधन नाही, मेप्सला तर नाहीच नाही. त्याने एकदाच, नम्रपणे, हे वाक्य बोलावं: ‘सार्जंट, मी कमांडरना पत्र पाठवलंय, मला त्यात आणखी काही सांगायचं नाही.’ मग फोन ठेवावा. वाद घालू नये. भरतीच्या लोकांना वाद जिंकायचं ट्रेनिंग असतं आणि १८ वर्षांच्या पोराला ते नसतं. दारात आले तर तुम्हीच बाहेर जा, पाणी विचारा, आणि मुलगा बोलणार नाही असं सांगा.

एवढं करूनही त्रास थांबला नाही तर दोन वाटा आहेत. एक, त्या दलाच्या इन्स्पेक्टर जनरलकडे, म्हणजे दलातल्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, तक्रार. दुसरी जास्त चटकन चालते. तुमच्या भागाच्या काँग्रेस सदस्याच्या, म्हणजे अमेरिकन संसदेतल्या खासदाराच्या, ऑफिसला कळवायचं. प्रत्येक सदस्याकडे अशा कामांसाठी माणसं असतात आणि त्यांच्याकडून गेलेल्या चौकशीला लष्कराला उत्तर द्यावंच लागतं. त्यासाठी मुलाने स्वतः एका संमतीपत्रावर सही करावी लागते, नाहीतर ते त्याची माहिती मागू शकत नाहीत. शिवाय सैनिकांना त्यांच्या हक्कांबद्दल फोनवर सल्ला देणारी जीआय राइट्स हॉटलाइन नावाची विनामूल्य सेवा आहे, तिथले लोक हेच काम वर्षानुवर्षं करत आले आहेत. मुलाने त्यांच्याशी स्वतः बोललेलं उत्तम.

हे सगळं आर्मी, नेव्ही, मरीन, एअर फोर्स या दलांच्या डेपबद्दल झालं. त्याने नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे राज्यांच्या अर्धवेळ सैन्यात, नाव घातलं असतं तर उत्तर वेगळं असतं. गार्डमध्ये बेसिकला जाण्याआधीच मुलगा त्या युनिटचा सदस्य असतो, महिन्याच्या ड्रिलला जातो, पैसेही मिळतात, आणि मोकळं होणं राज्याच्या नियमांप्रमाणे चालतं. एकदा कागद काढून बघा, वर नेमकं काय छापलंय.

आता वाटेतला सगळ्यात मोठा खड्डा. धमकी चालली नाही की रिक्रूटर गोड होतो. ‘एकदा जाऊन तर बघ. नाही आवडलं तर पहिल्या सहा महिन्यांत सहज सोडता येतं.’ यावर विश्वास ठेवू नका. ट्रेनिंगच्या सुरुवातीच्या काळात ‘एंट्री लेव्हल सेपरेशन’ नावाची तरतूद आहे हे खरं, पण तो मुलाचा हक्क नाही. सोडायचं की नाही ते कमांडर ठरवतो. तोवर मुलगा लष्करी कायद्याखाली असतो, आणि तिथून उठून निघून आला तर तो खरोखरच गुन्हा होतो. जॉर्जियातल्या फोर्ट बेनिंगवर मी असा एक मुलगा पाहिला. पहिल्याच आठवड्यात त्याने मला जायचंय असं सांगितलं. कागद हलत होते तोवर त्याला बॅरॅकमधल्या एका वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. बाकीचे धावायला जायचे, हा दिवसभर फरशी पुसायचा. आठवडेच्या आठवडे. रात्री उशाशी घरचा फोटो ठेवून जागा असायचा. मी विचारलं, घरीच का नाही सांगितलंस? म्हणाला, ‘मला वाटलं, सही झाली म्हणजे संपलं.’ त्या मुलाला जूनमध्ये एका पानाचं पत्र पुरलं असतं.

तुमच्या यजमानांशी मला दोन शब्द बोलायचेत. दादा, तुम्ही लिहून पाठवलंत की मुलाचे पणजोबा मराठा लाईट इन्फन्ट्रीत होते आणि तुमच्या घरात सही करून मागे फिरलेलं कुणी नाही. त्या भावनेचा मी मनापासून आदर करतो, मीही गणवेश घातलेला माणूस आहे. पण जो शब्द तुम्ही म्हणताय, तो दिला जातो दुसऱ्या शपथेला. मधले हे महिने व्यवस्थेने मुद्दाम ठेवले आहेत. शाळेत असताना, १७-१८ व्या वर्षी सही केलेल्या मुलाला विचार करायला सवड मिळावी म्हणूनही त्यांचा उपयोग होतो. त्या करारात एकूण ८ वर्षांची बांधिलकी आहे, काही सक्रिय आणि उरलेली राखीव. उद्या ज्याच्या भरवशावर शेजारी उभ्या असलेल्यांचे जीव असतील, तो तिथे मनापासून आलेला हवा. माझ्या तुकडीत बळंच आलेला मुलगा मला नको असायचा, आणि तुमच्या आजोबांनाही नको असता.

याची दुसरी बाजूही तितक्याच कळकळीने सांगतो. तुम्ही दोघांनी मिळून त्याला सैन्यात जाण्यापासूनही अडवू नका. मुलाला एकट्याला बसवून विचारा, नक्की काय नको आहे? कधी कधी सैन्य नको नसतं, मिळालेली नोकरी नको असते. त्याला सिग्नल (संपर्कयंत्रणेचं काम) हवं होतं आणि स्वयंपाकघर मिळालं, असं झालेलं असतं. कधी तारीख अडचणीची असते. तारीख पुढे नेता येते, नोकरीबद्दल पुन्हा बोलता येतं, कॉलेज करून मग अधिकारी म्हणून जाता येतं. आणि निघायच्या आधी पोटात गोळा येणं हे तर प्रत्येकाला होतं. मला झालं होतं, आदल्या रात्री हॉटेलच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडलो होतो, आणि तरी गेलो, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. म्हणून भीती आणि नकार यांतला फरक त्याचा त्यालाच शोधू द्या. त्याला चार दिवस द्या. त्या चार दिवसांत रिक्रूटरचा फोन नको आणि तुमची शिकवणीही नको.

त्यानंतरही त्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर पत्र त्याच्याच हाताने लिहू द्या. ही मुक्तता सन्मानाने की अपमानाने अशा कुठल्याच शिक्क्याची नसते. तो सक्रिय सेवेत गेलाच नव्हता, त्यामुळे माजी सैनिकाचा कागद मिळत नाही आणि बदनामीचाही नाही. बोनस ट्रेनिंगआधी हातात आलेला नसतो, म्हणून परत करायचंही काही नसतं. कॉलेजसाठी मिळणाऱ्या आर्थिक मदतीवर परिणाम होत नाही. उद्या कुठल्याही दलात जावंसं वाटलं तर डेपमध्ये होतो हे मात्र त्याने सांगायला हवं, लपवायचं नाही. त्यासाठी मुक्ततेचा जो लेखी आदेश येईल तो जपून ठेवा.

आणि रिक्रूटरकडे त्याचा मूळ जन्मदाखला, सोशल सिक्युरिटी कार्ड किंवा ग्रीन कार्ड राहिलं असेल तर ते आधी परत घ्या, तुम्ही स्वतः जाऊन, दिवसाच्या वेळी. मग मुलगा पत्र घेऊन पोस्टात जाईल तेव्हा मात्र त्याच्यासोबत जाऊ नका. पोचेचं हिरवं कार्ड त्याला स्वतःच्या हाताने चिकटवू द्या.